वेट प्लेट वर्कशॉप, एक दिवस, चार प्लेटा आणि आई

गेल्या जूनमध्ये आई साताऱ्याहून आमच्याकडं ब्रिस्टलला आली होती, तेव्हा तिला सोबत घेऊन मी वेट प्लेट फोटोग्राफीचं एक दिवसाचं वर्कशॉप केलं. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होते, आता आई परत गेलीय, घर शांत आहे, तर सगळं सविस्तर लिहूनच टाकते. ज्यांना फक्त पैसे घालावेत की नाही एवढंच हवंय त्यांना आधीच सांगते, घाला. १९५ पौंड गेले, जायचं-यायचं पेट्रोल वेगळं, आणि मी पुन्हा जाणार आहे. पण एकटे जाऊ नका, ज्या माणसाचा चेहरा तुम्हाला कायमचा हवाय त्याला घेऊन जा.

जागेचं नाव देत नाहीये. विल्टशरमध्ये शेतातलं एक जुनं दगडी कोठार आहे, तिथं साठीतले एक गृहस्थ आणि त्यांची बायको असे दोघंच मिळून हे सगळं चालवतात, आणि मला काही तक्रारीही लिहायच्यात, उगाच त्या दोघांच्या पोटावर पाय यायला नको. मी त्यांना इथं मास्तर म्हणते, कारण आई पहिल्या अर्ध्या तासातच त्यांना मास्तर म्हणायला लागली होती आणि दिवसभर तेच चाललं.

ज्यांना वेट प्लेट म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपण फिल्म विकत आणतो किंवा फोनमध्ये सगळं आपोआप होतं, इथं फिल्म आपण स्वतः बनवायची, काचेवर नाहीतर काळ्या पत्र्यावर, फोटो काढायच्या पाच मिनिटं आधी, आणि ती ओली आहे तोवरच फोटो काढायचा आणि ओली आहे तोवरच डेव्हलप करायचा. वाळली की संपलं. हातात दहा-पंधरा मिनिटं असतात, ऊन कडक असेल तर त्याहून कमी. दिवसभरात आमच्या चारच प्लेटा झाल्या म्हणून याला स्लो म्हणायचं, पण त्या पंधरा मिनिटांत अशी घाई असते की फोडणी तडतडल्यावर इकडंतिकडं बघता येत नाही ना, अगदी तसं.

ही पद्धत फ्रेडरिक स्कॉट आर्चर नावाच्या माणसाची. त्यानं १८५१ च्या मार्चमध्ये ती एका रसायनशास्त्राच्या मासिकात छापून टाकली, पेटंट घेतलं नाही, ज्याला करायचंय त्यानं करा. मूळचा चांदीकाम शिकलेला, मग मूर्तिकार झाला, आणि समोर बसलेल्या माणसाचा चेहरा नीट टिपता यावा म्हणून फोटोकडं वळला. आम्ही वर्कशॉपच्या आदल्या रविवारी लेकॉकला जाऊन आलो होतो, ते फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या संशोधकांपैकी एक असलेल्या टॅलबॉटचं गाव, त्याच्या वाड्याची ती जाळीची खिडकी आहे तिथं, १८३५ मधल्या त्याच्या टिकून राहिलेल्या सगळ्यात जुन्या निगेटिव्हमधली. तर या टॅलबॉटनं स्वतःच्या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं आणि आर्चरची पद्धतही आपल्याच पेटंटखाली येते असा दावा लावला, शेवटी १८५४ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या कोर्टात ज्युरीनं तो मान्य केला नाही आणि मग कुणीही मोकळेपणानं ओल्या काचेवर फोटो काढू लागलं. स्टुडिओवाल्यांनी त्यावर पैसा केला. आर्चर १८५७ मध्ये गेला तेव्हा त्याच्या बायकापोरांसाठी वर्गणी काढायची वेळ आली. मास्तर हे सांगताना खरंच हळवे झाले होते, आणि मलाही वाईट वाटलं, म्हणून इथं त्याचं नाव पूर्ण लिहिलं.

सकाळी साडेनऊला सुरुवात. आम्ही तीनच विद्यार्थी, मी, एक रिटायर्ड नर्स आणि एक कॉलेजचा मुलगा. पहिला अर्धा तास नुसती काच घासणं. काचेच्या कडा आधी धार लावायच्या दगडावर घासून खरखरीत करायच्या म्हणजे फिल्म धरून राहते, मग खडूची पूड आणि अल्कोहोल एकत्र करून कापडानं गोल गोल घासायचं, मग कोरड्या कापडानं, मग तोंडाची वाफ सोडून बघायचं, वाफ एकसारखी धरली आणि एकसारखी उडाली तर काच स्वच्छ. आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बघत होती, तिनं माझ्या हातातली काच घेतली, उजेडाकडं तिरकी धरली आणि म्हणाली, "कडेला राहिलंय बघ." खरंच राहिलं होतं. मास्तरांनी तिलाही एक काच दिली घासायला.

मग सेफ्टी. हा भाग मला फार आवडला कारण त्यांनी अजिबात घाई केली नाही. सिल्व्हर नायट्रेट डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो, त्यामुळं गॉगल काढायचा नाही म्हणजे नाही. काचेवर जे ओतायचं त्या कोलोडियनमध्ये इथर असतं, ते पेट घेतं, त्यामुळं ज्योत दुसऱ्या खोलीत. जुने लोक फिक्सर म्हणून, म्हणजे शेवटी चित्र पक्कं करायला, पोटॅशियम सायनाइड वापरायचे, अजूनही काही जण वापरतात कारण रंग छान उबदार येतो, पण त्यात ॲसिड मिसळलं गेलं की विषारी गॅस होतो, म्हणून नवशिक्यांसाठी हे हायपोच (सोडियम थायोसल्फेट) वापरतात. तुम्ही कुठंही जाल तिथं आधी हे विचारा, फिक्सर कुठला आणि खोलीत हवा खेळती आहे का. ज्याला नीट उत्तर देता येत नाही त्याच्याकडं शिकू नका.

आता खरी मजा. कोलोडियन ओतणं.

कोलोडियन म्हणजे नायट्रिक ॲसिडनं संस्कार केलेला कापूस इथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला, पातळ पाकासारखं दिसतं, हलकं पिवळसर, आणि बाटलीचं बूच काढलं की जुन्या दवाखान्याचा वास. वासाचा संबंध खरा आहे, हे आधी जखमेवर लावायला वापरायचे, वाळलं की कातडीसारखा पापुद्रा धरतो. त्यात आयोडाइड आणि ब्रोमाइडचे क्षार घातलेले असतात. प्लेट डाव्या हाताच्या बोटांवर आडवी तोलायची, मध्यभागी थोडंसं ओतायचं, आणि हात हळू कलता करून ते आधी एका कोपऱ्याला न्यायचं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि चौथ्या कोपऱ्यातून उरलेलं परत बाटलीत. तवा फिरवून तेल कडेपर्यंत नेतो ना, तसंच, फक्त इथं एकदा गेलेल्या जागेवरून परत जायचं नाही, नाहीतर लाट उमटते. ओतून झालं की प्लेट डोलवत ठेवायची म्हणजे रेघा पडत नाहीत. मग काही सेकंद थांबायचं आणि खालच्या कोपऱ्याला बोट लावून बघायचं, चिकट लागलं पाहिजे पण ओलं नाही. आई लगेच म्हणाली, "पाक झाला का बघतेस होय गं?" मी मास्तरांना इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडं लाडवाचा पाक असाच बोटानं बघतात, तर त्यांनी आईला पुढं बोलावलं, गॉगल दिला आणि पुढच्या प्लेटचा कोपरा तिला बघायला लावला. तिनं बोट लावलं, थांबली, परत लावलं, मान हलवली. तो कोट, म्हणजे कोलोडियनचा थर, त्या दिवसातला सगळ्यात स्वच्छ निघाला. उगाच सांगत नाही, त्या कोपऱ्यावर तिच्या बोटाचा ठसा आहे अजून.

नंतर अंधारखोली. लाल दिवा, आणि काचेच्या उभ्या टाकीत सिल्व्हर नायट्रेटचं पाणी, त्यात प्लेट एका दमात खाली सोडायची, मधे थांबलं तर आडवी रेघ येते. तीन-चार मिनिटं. क्षार आणि चांदी एकत्र येऊन प्लेटवरच सिल्व्हर आयोडाइड तयार होतं, तेच उजेड पकडतं. आत टाकलेली स्वच्छ पारदर्शक प्लेट बाहेर काढताना दुधावर पातळ साय धरावी तशी झालेली असते. पहिल्यांदा उचलून बघायचं, पृष्ठभागावर तेलकट ओघळ दिसले तर अजून झालं नाही, परत बुडवायचं. पाणी एकसारखं सरकायला लागलं की होल्डरमध्ये, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या चपट्या पेटीत, बंद करून पळायचं कॅमेऱ्याकडं.

माझी पहिली प्लेट म्हणजे खिडकीतली एक पत्र्याची किटली. त्यात एका बाजूला जाड लाट आली आणि एका कोपऱ्यात धुरकट डाग, पण किटली आली. मला वाटलं होतं मास्तर पुढं चला म्हणतील, तर त्यांनी वीस मिनिटं त्या डागावरच घालवली, हा डाग कुठल्या क्षणी पडला, होल्डर तिरका धरल्यामुळं चांदीचं पाणी कोपऱ्यातून परत वर आलं म्हणून. शिकवणारा असा असला पाहिजे. फोनमध्ये फोटो बिघडला तर आपण डिलीट करतो, का बिघडला ते कधी कळतच नाही. इथं प्लेटवर तुमच्या हाताची प्रत्येक हालचाल लिहिलेली असते आणि ती वाचता येते. मला या सगळ्या प्रकारात तेच सगळ्यात जास्त भावलं.

जेवणाच्या सुट्टीत मास्तर विचारत होते भारतात कुणी करतं का हे. मी म्हटलं आता थोडे लोक करतात, पण तेव्हा तर मुंबईत फार लवकर पोचलं होतं फोटोग्राफीचं वेड, १८५४ मध्येच बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, भाऊ दाजी लाडांचे भाऊ डॉ. नारायण दाजी त्यातले, आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला, तिथं शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढं मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. मास्तरांना सॅम्युअल बॉर्न हा इंग्रज फोटोग्राफर माहीत होता, जो १८६६ मध्ये हिमालयात १८ हजार फुटांच्याही वर हमालांच्या पाठीवर काचा, बाटल्या आणि तंबू घेऊन गेला आणि तिथं प्लेट ओतून फोटो काढला. पण थंडीत निदान इथर तेवढ्या लवकर उडून जात नाही. इथर साधारण ३५ अंशांना उकळतं. मुंबईच्या मे महिन्यात त्या लोकांनी कोट ओतून, चांदीत बुडवून, फोटो काढून, परत अंधारखोलीत येईपर्यंत प्लेट ओली कशी ठेवली असेल याचा मी स्वतः एक कोट ओतेपर्यंत कधी विचारच केला नव्हता. आता जुन्या मुंबईचे ते फोटो बघितले की मला आधी घामेजलेले हात दिसतात.

दुपारी आपापलं माणूस बसवायचं. आई निळी इरकल नेसून आली होती, लाल काठाची, तिची आवडती, कपाळाला कुंकू, नाकात मोरणी. मास्तरांनी आधीच सांगितलं की या प्लेटला लाल आणि पिवळं जवळजवळ दिसतच नाही, फक्त निळा उजेड आणि त्याच्या पलीकडचा अतिनील दिसतो. त्यामुळं निळी साडी पांढरी येणार आणि लाल काठ काळा. आई म्हणाली, "मग पांढऱ्या साडीत दिसणार का मी?" आणि जरा गप्प झाली. बाबांना जाऊन चार वर्षं झाली, पण आईनं एक दिवस पांढरं नेसलं नाही, रंगीत साड्या आणि कुंकू तिनं हट्टानं चालू ठेवलंय. मला ते लक्षातच आलं नव्हतं. मी म्हटलं बदलूया, गाडीत हिरवी आहे. तर ती म्हणाली, "नको. निळीच आहे ती. मला माहितीय ना." आणि जाऊन बसली.

कोठाराच्या मोठ्या दाराशी, आत सावलीत पण तोंड उजेडाकडं, अशी खुर्ची होती. बाहेर ढगाळ. मागं लोखंडी स्टँड, त्याचा दोन बोटांचा चिमटा डोक्याला मागून नुसता टेकतो, दिसत नाही, पण डोकं हलत नाही. लाकडी कॅमेरा, पितळी लेन्स, १८४० मध्ये पेट्झव्हालनं काढलेल्या डिझाइनची, मधोमध धारदार आणि कडेला सगळं भोवऱ्यासारखं फिरल्यासारखं दिसतं. शटर नाही. लेन्सचं टोपण काढायचं, मोजायचं, परत लावायचं. पापणी लवली तरी चालते, पण मान आणि ओठ हलता कामा नयेत. जुन्या फोटोत फारसं कुणी हसत नाही त्याचं हेही एक कारण, हसू तेवढा वेळ धरणं अवघड असतं.

मास्तरांनी त्यांच्या तक्त्याप्रमाणं चार सेकंद सांगितले. मी मोजले. डेव्हलपर ओतला, आयर्न सल्फेटचा, तो एका कडेनं एका झटक्यात पसरवायचा आणि प्लेटवरच ठेवायचा, सांडला तर त्याबरोबर चांदी जाते. पंधरा सेकंदांत पाणी. फिक्सरमध्ये टाकल्यावर आईची साडी आली, खुर्ची आली, मागचं दार आलं, आणि आईचा चेहरा काळवंडलेला, डोळे कुठं आणि गाल कुठं कळेना. ही माझी पहिली आणि मोठी तक्रार. प्लेटला लालसर-तपकिरी छटा कमी दिसते म्हणजे आपल्या रंगाच्या माणसाला जास्त सेकंद लागणार हे उघड आहे, पण त्यांचा तक्ता त्यांच्याकडच्या गोऱ्या चेहऱ्यांवरून बनवलेला. त्यांनी लगेच मान्य केलं आणि त्या प्लेटचे पैसे धरले नाहीत, हे मान्य. पण तुम्ही गेलात तर बसायच्या आधीच सांगा, वेळ वाढवा, एक प्लेट वाचेल. आईनं ती प्लेट बघितली आणि काही बोलली नाही, मला मात्र आतून फार लागलं ते.

दुसऱ्यांदा आठ सेकंद. मी टोपण काढलं आणि मोजायला लागले. आठ सेकंद म्हणजे काही नाही असं वाटतं ना? तुमच्या आईकडं आठ सेकंद सलग बघितलंय कधी, काही न बोलता, काही न करता? मी नव्हतं बघितलं. फोनवर रोज बोलतो, व्हिडिओ कॉल असतो, इथं आल्यावर दिवसभर एकाच घरात असतो, पण मी भाजी चिरत असते, ती टीव्ही बघत असते. त्या आठ सेकंदांत ती लेन्सकडं बघत होती आणि मी तिच्याकडं, आणि तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला तिच्या चेहऱ्यावरचा तो फोटोसाठी धरलेला ताठरपणा गेला. मी तो जाताना बघितला. पितळी टोपण हातात गरम झालं होतं.

आणि मग फिक्सर. यासाठी अख्खे १९५ पौंड द्यावेत. प्लेट फिक्सरमध्ये टाकेपर्यंत चित्र निळसर दुधाळ आणि उलटं दिसतं, म्हणजे गोरं ते काळं. ट्रेमध्ये पडल्यावर कडेनं ते दूध फाटल्यासारखं सरकायला लागतं आणि खालून काळं वर येतं आणि चेहरा एकदम सुलटा होतो. आधी केस आले, मग कपाळावरचं काळंभोर कुंकू, मग डोळे. आई ट्रेवर वाकली होती. ती म्हणाली, "अगं, ही मी आहे."

मी म्हटलं तूच आहेस की. तर म्हणाली, "नाही गं, फोटोत मी नसते अशी. ही आरशातली मी आहे."

मला लगेच कळलं नाही. मास्तरांनी समजावलं. पत्र्यावरची प्लेट उलटी असते, डावं-उजवं बदललेलं, कारण लेन्समधून आलेला उजेड थेट त्याच पत्र्यावर पडलाय, त्याचा परत प्रिंट नाही. मोरणी उजव्या नाकपुडीत गेली होती, पदर उजव्या खांद्यावर, आई म्हणाली हे गुजराती नेसणं झालं. पण माणूस स्वतःला आयुष्यभर आरशात बघतो, म्हणजे उलटंच बघतो, आणि साध्या फोटोत स्वतःला बघितलं की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. आई गेली कित्येक वर्षं म्हणते माझे फोटो चांगले येत नाहीत, मी वेगळीच दिसते, आणि आम्ही सगळे तिला म्हणायचो काहीतरीच काय, छान आलाय. तिचं बरोबर होतं. गंमत म्हणजे मला त्या प्लेटमध्ये आई किंचित परकी वाटत होती, तिच्या गालावरचा तीळ चुकीच्या बाजूला, आणि तिला मात्र पहिल्यांदाच फोटोत ती स्वतः सापडली होती.

मग तिनं हात बघितले. तिच्या डाव्या हातावर गोंदण आहे, तुळशीवृंदावन आणि खाली टिंबं, लग्नाआधी जत्रेत काढलेलं. प्लेटमध्ये हात स्वच्छ, जवळजवळ काहीच नाही. निळसर गोंदण या प्लेटला कातडीसारखंच दिसतं, न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या जुन्या फोटोंतही त्यांच्या चेहऱ्यावरचं गोंदण असंच गायब झालंय म्हणे मास्तर. उलट गालावरचे वांगाचे डाग, जे आम्हाला रोज दिसतही नाहीत, ते एकेक मोजता येतील इतके ठळक. आईनं एकदा प्लेटमधला हात बघितला, एकदा स्वतःचा, आणि स्वतःच्या हातावरून अंगठा फिरवला. "वृंदावन गेलं की," एवढंच म्हणाली.

चौथी प्लेट काचेची. तीही आईचीच घेतली, हा आग्रह माझा. काचेची गोष्ट वेगळी असते, पांढऱ्या कागदावर ठेवली तर निगेटिव्ह दिसते, काळ्या मखमलीवर ठेवली तर माणूस उभा राहतो. शेवटी दोन्हींना व्हार्निश. स्पिरिटच्या दिव्यावर प्लेट गरम करायची, हाताच्या पाठीला सोसेल इतपत, आणि तिच्यावर सँडरॅक नावाची राळ आणि लव्हेंडरचं तेल घातलेलं व्हार्निश कोलोडियनसारखंच कोपऱ्या-कोपऱ्यानं फिरवायचं. वास इतका सुंदर येतो, सबंध गाडीत घरी येईपर्यंत येत होता. माझ्या बोटांवर चांदीचे काळे डाग दुसऱ्या दिवशी उमटले आणि आठवडाभर राहिले, हातमोजा फाटला होता म्हणून. जाताना स्वतःचे मापाचे न्या, तिथले सगळे मोठ्या हातांचे.

बाकीच्या तक्रारी पटापट. अंधारखोलीत दोनच माणसं मावतात आणि तिसरा बाहेर ताटकळतो. पंखा आहे पण दुपारनंतर इथरच्या वासानं माझं डोकं धरलं. टॉयलेट शेताच्या पलीकडं, पाऊस पडून गेलेला, चिखलातून आईला दोनदा धरून न्यावं लागलं, म्हाताऱ्या माणसाला नेणार असाल तर बूट न्या. व्हेज कळवूनही सँडविचमध्ये हॅम निघालं, आमच्याकडं डब्यात थालीपीठं होती म्हणून निभावलं, आणि खरं सांगायचं तर मास्तरांच्या बायकोनं त्यातलंच अर्धं खाल्लं आणि रेसिपी लिहून घेतली. रसायनांची प्रमाणं लिहिलेला कागद मात्र फुकट देत नाहीत, त्याचे वेगळे १० पौंड. १९५ घेतल्यावर ते द्यायलाच हवं होतं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

नुसता पोर्ट्रेट काढून घ्यायचा पर्यायही आहे, तासाभराचा, ८५ पौंडांत एक प्लेट. ज्यांना वेळ नाही त्यांनी तो घ्या, पण मी म्हणेन दिवसभराचंच करा. दुसऱ्यानं काढलेली प्लेट सुंदरच असेल, पण काच घासण्यापासून टोपण काढण्यापर्यंत सगळं हातून गेल्यावर समोरच्या माणसाकडं तुम्ही ज्या डोळ्यांनी बघता ते तासाभरात होत नाही. कपड्यांचं लक्षात ठेवा, निळं पांढरं होतं, पिवळं-लाल-हिरवं गडद होतं, हळदी रंगाची साडी नेसलात तर काळी येईल. ज्याला बसवणार त्याच्याशी हे आधी बोला, मी बोलले नव्हते. आणि चष्मा असेल तर काढायचा की नाही ते त्या माणसाला ठरवू द्या.

पत्र्याची प्लेट आई साताऱ्याला घेऊन गेली, हँड लगेजमध्ये, त्याच निळ्या इरकलीत गुंडाळून. काचेची माझ्याकडं आहे. काचेचं एक असतं जे मला घरी आल्यावर कळलं, ती मागूनही बघता येते. काळं कापड एका बाजूला लावलं की आई आरशातली, कापड दुसऱ्या बाजूला लावून काच उलटली की मोरणी डावीकडं, पदर डाव्या खांद्यावर, तीळ जिथल्या तिथं, म्हणजे मला दिसते ती आई. मी ती तशीच ठेवलीय, माझ्या बाजूनं. परवा व्हिडिओ कॉलवर आईला दाखवली तर म्हणाली, "अशी नको, उलटी कर." केली. कापड हातानं मागं धरून ठेवलं, बोलणं संपेपर्यंत.